नवे प्लग टाकूनही गाडी मिसिंग मारते? प्लगवर तेल कुठून येतं ते आधी शोधा

नवे प्लग टाकले की काही दिवस गाडी झकास पळते. मग परत तीच रड: गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. सकाळी सेल्फ मारला की इंजिन कुरकुरत चालू होतं, आयडलिंगला सगळी गाडी थरथरते, चढाला पिकअप मिळत नाही. प्लग खोलून बघावा तर टोक काळं, ओलं, तेलकट. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात जुन्या पेट्रोल गाड्या अजून रोजच्या कामाला आहेत. भाजी घेऊन मार्केट यार्डात येणारी ओम्नी, शाळेची मुलं सोडणारी व्हॅन, शेताकडं जाणारी जुनी अल्टो. ‘मेस्त्री, परत मिसिंग माराय लागलीया बगा’ हे त्यांच्या मालकांचं वाक्य गॅरेजात सतत कानावर पडतं.

यावर दोन टोकाचे उपाय चालतात. काही जण प्लग काढायचा, पेट्रोलनं धुवायचा, पॉलिश पेपर मारायचा आणि परत लावायचा, असं वर्ष-वर्ष करत राहतात. काही जणांना कुणीतरी ‘रिंगा गेल्यात’, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या झिजल्यात, असं म्हटलं की ते थेट इंजिन उतरवायला देतात. मला दोन्ही पटत नाही. सिलिंडरमध्ये तेल शिरायच्या वाटा मोजक्याच आहेत आणि प्रत्येक वाटेची खूण वेगळी असते. ती खूण ओळखली तर पुष्कळदा एखाद्या रबरी पाइपावर किंवा सीलच्या सेटवर काम भागतं.

हे तेलच आहे का?

प्लग काळा दिसला म्हणजे तेल आलं असं नाही. काळी, कोरडी, बोटाला भुरभुरीत लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा इंजिन पुरेसं तापतच नाही. एअर फिल्टर चोंदलेला असतो, ऑक्सिजन सेन्सर गेलेला असतो, जुन्या गाडीत चोक अडकलेला असतो. प्लग ओला आहे, पण पेट्रोलचा उग्र वास येतो आणि उन्हात ठेवला की थोड्या वेळात सुकतो, तर तिथं ठिणगीच पडत नाही किंवा इंजेक्टर गळतोय. तेलाचा ओलावा मात्र सुकत नाही. पांढऱ्या कागदावर टोक टेकवा, डाग पसरतो आणि तसाच राहतो. हात लावला की बुळबुळीत लागतो.

तिसरा प्रकार बरेच जण ओळखत नाहीत. लांब पल्ल्यानं पळणाऱ्या गाडीत तेल आत येऊन पुरतं जळतं, म्हणून प्लग ओला दिसतच नाही. त्याच्या टोकावर पांढरट-तपकिरी, खडबडीत राखेचा थर चढतो. ही इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख. रोज बेळगाव-कोल्हापूर हायवे मारणाऱ्याच्या प्लगवर हा थर दिसला आणि डिपस्टिकवरचं तेल उतरत असेल, तर मामला तेलाचाच आहे.

तेलानं ठिणगी का मरते हे थोडक्यात सांगतो. प्लगच्या टोकाशी जी पांढरी चिनी माती असते ती सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापली की अंगावरची घाण स्वतःच जाळून टाकते. त्याखाली राहिली तर तेल अर्धवट जळून कार्बनचा थर बसतो. हा कार्बन वीज वाहून नेतो. मग ठिणगी गॅपमध्ये उडायच्या ऐवजी मातीच्या अंगावरून सरकत बॉडीला अर्थ होते. म्हणूनच टिळकवाडी ते शहापूर एवढंच रोज फिरणाऱ्या गाडीचा प्लग लवकर काळा पडून बंद होतो आणि तितकंच तेल खाणारी दुसरी गाडी हुबळीला जाऊन येते तरी कुरकुर करत नाही.

कुठला प्लग, कुठली बाजू

प्लग काढताना पहिलं काम म्हणजे क्रमांक. टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूकडून एक, दोन, तीन असं मोजा आणि प्रत्येक प्लग त्या क्रमानं पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात उभा करा. सगळे प्लग एका डब्यात टाकले की निम्मी माहिती तिथंच गेली. खोलायच्या आधी प्लगच्या वरच्या भागावर मार्करनं एक रेघ मारा. इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या, दिशेला असलेली बाजू कुठली ते नंतर कळायला हवं.

आता बघा. सगळे प्लग सारखेच तेलकट असतील तर कारण सगळ्या सिलिंडरना लागू पडणारं असणार. ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणाऱ्या पाइपाची, वाट बंद, तेल जास्त भरलेलं, किंवा इंजिन एकंदरीतच झिजलेलं. एकच प्लग तेलकट असेल तर त्या एका सिलिंडरचा सील, रिंग किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग). प्लगची फक्त इनटेककडची बाजू ओली आणि दुसरी बरी असेल तर माझा पहिला संशय त्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरून तेल उतरू न देणाऱ्या रबरी टोपीवर, जातो.

एकाच प्लगच्या बाबतीत अजून एक तपासणी आधी करा, फुकटात होते. ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीची वीज देणारा भाग) असते, तिथं संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा आणि गाडी चालवा. मिसिंग कॉइलबरोबर शेजारी गेलं तर कॉइल खराब आहे. ठिणगी पडत नसलेल्या सिलिंडरमध्ये एरवी जळून जाणारं थोडंसं तेलही साठत जातं, त्यामुळं प्लग तेलकट दिसतो आणि बिचाऱ्या रिंगांवर आळ येतो. स्कॅनरवर पी ०३०१, पी ०३०२ असे कोड आले तर शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो. तो कोड मिसिंग आहे एवढंच सांगतो, कारण सांगत नाही.

तेल टोकावर आहे की विहिरीत?

कॉइल उपसली आणि तिचं रबर तेलात भिजलेलं निघालं, म्हणजे तेल बाहेरच्या बाजूनं आलंय. आजकालच्या बऱ्याच इंजिनांत प्लग वरून खोल विहिरीत बसतो आणि त्या विहिरीभोवती टॅपेट कव्हरमध्ये (हेडवरच्या झाकणात) रबरी सील असतो. उष्णतेनं तो कडक होतो, कॅमचं तेल विहिरीत उतरतं, कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी रबर फोडून हेडला जाते. गाडी मिसिंग मारते, पण प्लगचं आतलं टोक स्वच्छ असतं. इथं टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि विहिरीचे सील बदलले की प्रश्न मिटला. प्लग काढायच्या आधी विहिरीतलं तेल कापडानं टिपून घ्या, नाहीतर प्लग निघताक्षणी ते सगळं सिलिंडरमध्ये सांडतं आणि मग टोकावरचं तेल आतलं की बाहेरचं हे कुणालाच सांगता येत नाही. ओम्नी आणि मारुती आठशेच्या जुन्या तीन सिलिंडर इंजिनात अशा खोल विहिरी नाहीत, त्यामुळं तिथं हा विषय सोडून द्या.

धूर कधी येतो ते बघा

निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तो कधी येतो यात खरी गोम आहे, आणि ते बघायला आपल्या भागातले रस्ते फार उपयोगी आहेत.

जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटात उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो. थ्रॉटल बंद, पण चाकं इंजिनाला फिरवतायत. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमधली ओढ सगळ्यात जास्त असते. व्हॉल्व्हच्या दांडीवरचा सील कडक झालेला असेल किंवा गाइड (दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजलेला असेल तर हेडवर साचलेलं तेल या ओढीनं दांडीवरून खाली शोषलं जातं. घाटभर ते इनटेक पोर्टमध्ये साठतं. खाली केरीच्या सपाटीला लागून तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की मागं निळा लोट. हा लोट थोड्या वेळात विरतो आणि सरळ रस्त्यावर गाडी पुन्हा साफ चालते. हे लक्षण व्हॉल्व्ह सीलचं. गोव्याला भाजी नेणाऱ्या गाड्या हे अंतर नेहमीच कापतात, त्यांनी मागून येणाऱ्या ओळखीच्या गाडीवाल्याला नुसतं लक्ष ठेवायला सांगावं. निपाणीकरांना तवंदी घाटाचा उतार आहे, बेळगावच्या उत्तरेला वंटमुरी घाट आहे. उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरू नका. ब्रेकचा बूस्टर निकामी होतो आणि तपासणीही होत नाही.

घाटात जायचं नसेल तर टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर कळतं. गेट पडलंय, इंजिन आयडलिंगला चालू आहे, बराच वेळ झाला. गेट उघडल्यावर निघताना निळा धूर आला आणि पुढं गेल्यावर थांबला, तर पुन्हा व्हॉल्व्ह सीलच. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना एकदाच भपकन धूर सोडते, तेही याच कारणानं. दांडीवरून थेंब थेंब उतरलेलं तेल पहिल्या काही सेकंदांत जळून जातं.

याच्या उलट, धूर भार पडल्यावर येत असेल तर रिंगा आणि बोअरकडं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीकडं, बघायला हवं. पाच माणसं बसवून चढ चढताना, ओव्हरटेक करताना धूर वाढतो, सपाटीला हळू चालवताना कमी होतो. इंजिन आयडलिंगला असताना तेल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ येणं ठीक. ठोक्यागणिक जोरात फुंकर येत असेल, डिपस्टिक आपोआप वर सरकत असेल, तर जळालेला वायू रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, जातोय. ज्या वाटेनं वायू खाली जातो त्या वाटेनं तेल वर येतं.

पण इथंही लगेच निकाल देऊ नका. ही फुंकर ब्रीदर चोंदल्यानंही येते.

आधी ब्रीदर, मग बाकीचं

क्रँककेसमध्ये जमणारा वायू परत इनटेकमध्ये ओढून जाळण्यासाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. हाताच्या अंगठ्याएवढी वस्तू, आणि तिच्याकडं बघणारे फार थोडे. ती बंद अवस्थेत अडकली की आतला दाब वाढतो, तेल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं आणि रिंगांवरूनही वर चढतं. उघडी अडकली की तेलाचे कण थेट इनटेकमध्ये ओढले जातात आणि सगळे प्लग तेलकट होतात.

खानापूर, जांबोटी, लोंढा बाजूला पावसाळ्यात हा त्रास जास्त दिसतो. महिनोन्‌महिने ओलसर हवा, आणि गाडीची फेरी घरापासून स्टँडपर्यंत. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. आतली वाफ पाणी होऊन तेलात मिसळते आणि तेलाच्या झाकणाखाली दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर जमतो. हा थर बघून लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणू नका. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं तेल साफ असेल तर तो बहुतेक नुसत्या बाष्पाचा असतो. पण हाच चिकट थर ब्रीदरच्या पाइपात जाऊन तो बंद करतो. पाइप काढा, आरपार फुंकून बघा, पेट्रोलनं धुवा. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवला की आतली गोळी किंवा पिस्टन खुळखुळायला हवा. बऱ्याच गाड्यांत तो तसा वाजतो. संशय आला तर नवाच टाका, एवढ्या स्वस्त वस्तूवर वेळ घालवू नये. इनटेकच्या पाइपात आणि थ्रॉटल बॉडीत तेलाचा ओघळ दिसला, तर तेल इकडूनच येतंय हे जवळपास नक्की.

त्याच वेळी डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून वरच्या खुणेच्या पुढं तेल भरायची सवय आपल्याकडं फार आहे. क्रँक त्या तेलात आपटतो, फेस होतो आणि तो ब्रीदरमधून इनटेकला जातो. जादा तेल काढून टाकलं एवढ्यानं बऱ्या झालेल्या गाड्याही असतात.

टर्बो असलेल्या पेट्रोल गाडीत आणखी एक वाट आहे, टर्बोच्या शाफ्टचा सील. इंटरकूलरचा पाइप खोलून आत तेल साचलंय का ते बघा. हेड गॅस्केटमधून तेलाची वाट थेट सिलिंडरला मिळणंही शक्य आहे, पण ते क्वचित होतं.

कॉम्प्रेशन टेस्ट, आणि तिची मर्यादा

इतकं करून प्लग ओलाच होत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, बघा. इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन तोडलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली. गेज लावून सेल्फ मारा. साधारण पेट्रोल इंजिनात १५० ते २०० पीएसआयच्या आसपास आकडा येतो, नेमका त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वर चढला तर रिंगा किंवा बोअर. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा गॅस्केट.

आता जी गोष्ट पुष्कळ ठिकाणी सुटते ती सांगतो. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे रिंगा चांगल्या, असं नसतं. पिस्टनवर वरच्या दोन रिंगा दाब धरतात आणि तिसरी, खालची, बोअरवरचं तेल खरवडून परत खाली पाठवते. तेल बदलायला वर्ष-दोन वर्षं उशीर झाला की या तिसऱ्या रिंगेच्या खाचा आणि पिस्टनमधली भोकं जळक्या तेलानं भरतात. रिंग जागेवरच चिकटते. वरच्या रिंगा शाबूत असल्यानं कॉम्प्रेशन पूर्ण येतं, पण तेल वर राहतं आणि प्लग ओला होतो. अशा गाडीचे व्हॉल्व्ह सील बदलूनही फरक पडत नाही, आणि मग मालक आणि मेस्त्री दोघंही हैराण होतात.

तेल रिंगांकडून येतंय की व्हॉल्व्ह सीलकडून हे कळण्यासाठी प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घाला. मोबाइलला जोडायचे कॅमेरे आता सहज मिळतात. पिस्टनच्या डोक्याची कडा गोलाकार धुतल्यासारखी स्वच्छ आणि ओली, मधे कार्बन, असं दिसलं तर तेल रिंगांकडून वर येतंय. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर जाड, ओला, डांबरासारखा थर असेल तर ते दांडीवरून येतंय.

दुरुस्ती

व्हॉल्व्ह सील बदलायला बऱ्याच इंजिनांत हेड उतरवावं लागत नाही. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून ठेवली की व्हॉल्व्ह खाली पडत नाही, आणि वरच्या वर स्प्रिंग काढून सील बदलता येतो. हवा नसेल तर भोकातून नायलॉनची दोरी सोडून पिस्टननं ती दाबून धरतात. सील स्वस्त, वेळ जास्त लागतो. फक्त व्हॉल्व्ह गाइडमध्ये हलतोय का ते हातानं बघून घ्या. गाइडच सैल असेल तर नवा सीलही लवकर जातो, आणि मग हेडचं काम करणंच बरं.

तिसरी रिंग चिकटली असेल तर प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं द्रावण पिस्टनवर रात्रभर ठेवून, नंतर इंजिनातलं तेल आणि फिल्टर बदलून एकदा बघावं. पुढचे दोन-तीन तेल बदल लवकर करावेत. काही गाड्या यानं सुधारतात, काही नाही. रात्रभर ठेवलेलं द्रावण काढून टाकल्याशिवाय, प्लग न काढता सेल्फ मारू नका. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

बोअर झिजला असेल तर उद्यमबागेत बोरिंग-होनिंगची उत्तम कामं होतात, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. काम देताना तीन गोष्टी समोर उभं राहून बघा: बोअरमध्ये होनिंगच्या तिरकस जाळीदार रेघा आहेत का, रिंगांच्या तोंडाची गॅप बोअरमध्ये घालून मोजली का, आणि रिंगेवरची खूण वरच्या बाजूला आहे का. काम झाल्यावर गाडी तासन्‌तास आयडलिंगला उभी ठेवून ‘रन-इन’ करू नका. त्यानं बोअर गुळगुळीत होतो आणि नव्या रिंगा बसत नाहीत. मध्यम भार देत, वेग कमी-जास्त करत चालवा. सुरुवातीला थोडं तेल जाईल आणि प्लग थोडा ओला दिसेल, ते चालतं.

बोअर झिजायचं आपल्याकडचं मोठं कारण धूळ आहे. खानापूरकडची तांबडी धूळ, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उडवलेली माती. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली, रबर वाकडं बसलेलं, की ती धूळ तेलाबरोबर बोअरला घासते. इंजिनावर मोठा खर्च करून फिल्टरचा डबा जुनाच ठेवलेला बघितला की मला फार वाईट वाटतं. फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवा. आत धूळ लागली तर आधी ती वाट बंद करा.

हे करू नका

जास्त गरम राहणारा प्लग टाकून तेल जाळायची युक्ती सांगितली जाते. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड राहणारा, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम राहणारा. हा गोंधळ करून भलताच प्लग बसतो. बरोबर बसला तरी घाट चढताना टोक ८०० अंशांच्या पुढं तापलं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. आमच्या भागात घाट टाळून फारसं कुठं जाता येत नाही. कंपनीनं सांगितलेलाच प्लग ठेवा.

इरिडियमच्या प्लगला तारेचा ब्रश लावू नका, टोक अगदी बारीक असतं. नव्या इंजिनात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असताना तेल कमी जावं म्हणून २०डब्ल्यू-५० भरू नका. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा त्या तेलाच्या दाबावर आणि पातळपणावर चालते. आणि बीएस ६ गाडी तेल जाळत चालू ठेवू नका. तेलातलं फॉस्फरस धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतं, आणि मिसिंगमुळं न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो वितळतो. मग दुरुस्तीचा आकडा रिंगांच्या खर्चाच्याही वर जातो.

नवे प्लग बसवताना हातानं टेकेपर्यंत आवळा, मग नव्या वॉशरच्या १४ मिलिमीटर प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, काढलेला जुना प्लग परत लावत असाल तर जेमतेम एक द्वादशांश. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की दुसरंच काम लागतं. दुरुस्तीनंतर डिपस्टिकची पातळी आणि किलोमीटर लिहून ठेवा, पाचशे किलोमीटरनं प्लग त्याच क्रमानं काढून बघा. टोक फिकट तपकिरी आणि कोरडं असेल, तेल जागेवर असेल, तर वाट सापडली. एखादाच अजून ओला असेल, तर त्या क्रमांकाच्या सिलिंडरपासून पुन्हा सुरुवात करा.